जहाजाचा विमा आणि एक बंद झडप

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं इयत्ता नववीच्या वर्गांत आम्ही भूगोलाचा पाठ घेत होतों. पाठ होता बंदरांचा. नकाशावर मुंबई, मार्मागोवा, कोची अशीं बंदरें दाखवीत असतां, ज्याचे वडील आगबोटीच्या एंजिनखान्यांत काम करतात असा एक विद्यार्थी उभा राहिला व त्यानें विचारलें, "सर, एवढें मोठें जहाज बुडालें तर त्याचे पैसे कोण भरून देतो?" "विमा कंपनी," असें आम्हीं उत्तर दिलें. त्याचें समाधान झालें. परंतु त्याच्या मागच्या बांकावरील मुलाचें झालें नाहीं. तो म्हणाला, "मग सर, मालकानें जहाज जपावें तरी कशाला? बुडालें तरी पैसे मिळणारच!" सारा वर्ग हंसला, तास संपल्याची घंटा झाली, आणि उत्तर तसेंच राहून गेलें.

वास्तविक हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. व्यापारी, वकील आणि न्यायाधीश ह्यांनीं त्याच प्रश्नावर दोन शतकांहून अधिक काळ डोकें खर्च केलें आहे, आणि त्यांना सांपडलेलें उत्तर केवळ जहाजमालकांच्याच नव्हे, तर तुमच्याआमच्याहि उपयोगाचें आहे. म्हणून घंटेनें अर्धवट राहिलेलें तें उत्तर आम्ही येथें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम विमा म्हणजे काय तें पाहूं. समजा, आपल्या किनाऱ्यावरील एका गांवांत मासेमारीचे शंभर मचवे आहेत व प्रत्येकाची किंमत दहा लक्ष रुपये आहे. अनुभव असा कीं, दर वर्षीं त्यांतील सरासरी दोन मचवे वादळांत सांपडून नाहींसे होतात. ते कोणाचे असतील हें आधीं कोणासच ठाऊक नसतें. परंतु ज्याचा मचवा जातो तो नाखवा कर्जांत बुडतो व त्याचें कुटुंब उघड्यावर येतें. आतां ह्या शंभर नाखव्यांनीं वर्षारंभीं प्रत्येकीं वीस हजार रुपये एका पेटींत टाकले, तर पेटींत वीस लक्ष रुपये जमतील, आणि ज्या दोघांचे मचवे गेले त्या प्रत्येकास दहा लक्ष रुपये देतां येतील. समुद्र पूर्वीइतकाच खवळेल, मचवे पूर्वीइतकेच बुडतील. परंतु जें ओझें एकाची कंबर मोडीत होतें तें शंभर खांद्यांवर वांटलें जाईल. ही पेटी म्हणजेच विमा, आणि ते वीस हजार रुपये म्हणजे विम्याचा हप्ता. पेटी संभाळण्याचा खर्च व संभाळणाराचा नफा हीं त्यांत मिळविलीं कीं विमा कंपनीचा धंदा उभा राहतो.

समुद्रावरील धोक्याला किंमत असते, ही जाणीव आपल्या देशांत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत व्याजाचे दर सांगितले आहेत. शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज. व्यापारासाठीं पांच पण. अरण्यांतून माल नेणारासाठीं दहा पण. आणि समुद्रावर जाणारासाठीं वीस पण. अरण्यांत चोर असतात, तर समुद्रांत चोरहि असतात आणि वादळेंहि असतात. कर्जाऊ दिलेला पैसा परत येईलच असा भरंवसा नाहीं, म्हणून सावकार ही धास्ती व्याजांत मिळवून घेत असे. पुढें युरोपांतील व्यापाऱ्यांनीं ह्या दोन गोष्टी निराळ्या केल्या. पैसा एकानें द्यावा, आणि धोका दुसऱ्यानें मोबदला घेऊन आपल्या अंगावर घ्यावा, अशी वहिवाट पडली. तोच सागरी विम्याचा जन्म.

लंडन शहरीं १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाचें एक कॉफीगृह होतें. तेथें जहाजांचे कप्तान, मालक व व्यापारी जमत आणि दूरदूरच्या बंदरांच्या बातम्या एकमेकांस सांगत. ज्याला आपल्या जहाजाचा विमा उतरावयाचा असे तो एका कागदावर जहाजाचें नांव, कप्तानाचें नांव व रक्कम लिहून तो कागद घेऊन मेजामेजावरून फिरे. ज्याला धोक्याचा जेवढा भाग घ्यावयाचा असेल तेवढी रक्कम लिहून तो त्या मजकुराखालीं सही करी. खालीं सही करणारा म्हणून त्याला 'अंडररायटर' हें नांव पडलें, तें आजतागायत चालूं आहे. आणि त्या कॉफीगृहांतून वाढलेली लॉइड्स ही संस्था आजहि लंडनमध्यें विम्याचा मोठा बाजार चालवीत आहे.

ह्या बाजाराचें सामर्थ्य किती, तें एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. टायटॅनिक ह्या प्रचंड आगबोटीचा विमा दहा लक्ष पौंडांचा होता व त्यासाठीं मालकांनीं ७,५०० पौंड हप्ता दिला होता. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. हा दर शेंकडा पाऊण पडतो. बोट बुडणार नाहीं अशी सर्वांची केवढी खात्री होती, तें ह्या दरांतच दिसून येतें. १५ एप्रिल १९१२ च्या पहांटे ती बुडाली. परंतु दहा लक्षांचा धोका पुष्कळ सह्या करणारांत वांटला गेलेला होता. म्हणून सारी रक्कम तीस दिवसांच्या आंत चुकती झाली.

आतां जहाजाच्या विम्याकडे वळूं. एका प्रवासास निघालेल्या जहाजाबरोबर अनेकांचे हितसंबंध निघालेले असतात. माल एकाचा असतो, त्याचा विमा निराळा. भाड्याचें उत्पन्न हें दुसरें, त्याचाहि विमा निराळा. खुद्द जहाजाचा जो विमा, त्याला इंग्रजींत 'हल अँड मशिनरी' असें म्हणतात. हल म्हणजे जहाजाचा सांगाडा: तळ, कुशी, तक्तपोशी, सुकाणूं, नांगर, सांखळदंड आणि जहाजास जडलेलें इतर सामान. मशिनरी म्हणजे यंत्रें: मुख्य एंजिन, बॉयलर, पाठीमागचा पंखा फिरविणारा लांब शाफ्ट, विजेचीं जनित्रें, पंप इत्यादि. असा विमा बहुधा एका प्रवासापुरता न उतरतां बारा महिन्यांच्या मुदतीचा उतरला जातो. जहाजाची किंमत आरंभींच दोन्ही पक्षांनीं ठरवून कागदावर लिहिलेली असते. कारण जहाज समुद्राच्या तळाशीं गेल्यावर त्याच्या किंमतीबद्दल वाद घालीत बसणें कोणाच्याच हिताचें नसतें.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. खरा प्रश्न पुढेंच उभा राहतो. नुकसान झालें म्हणजे तें कोणत्या कारणानें झालें असतां भरून द्यावयाचें?

१७७९ सालीं लॉइड्सच्या मंडळींनीं विमापत्राचा एक नमुना कायम केला. त्यांत संकटांची एक लांबलचक यादी होती. समुद्राचीं संकटें, आग, शत्रूंचीं लढाऊ गलबतें, चांचे, चोर, कप्तानानें वा खलाशांनीं मालकाशीं केलेली दगाबाजी, आणि जहाज हलकें करण्यासाठीं समुद्रांत फेंकलेलें सामान, हीं त्यांतील कांहीं. पौल प्रेषिताच्या रोमच्या प्रवासांत वादळाच्या वेळीं खलाशांनीं प्रथम माल व मग जहाजाचें सामानहि आपल्या हातांनीं समुद्रांत टाकलें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्याच प्रकारचें नुकसान ह्या यादींत अखेरचें म्हणून आम्हीं सांगितलें आहे. यादीच्या शेवटीं 'आणि इतर सर्व संकटें' अशा अर्थाचे शब्द होते. हा नमुना शिडाच्या गलबतांच्या काळचा होता. त्या काळीं जहाजाचे वैरी बाहेर असत. वारा बाहेर, खडक बाहेर, चांचे बाहेर. जहाजाच्या पोटांत फुटण्यासारखें कांहींच नव्हतें.

पुढें वाफेचें युग आलें. जहाजाच्या पोटांत बॉयलर बसले, एंजिनें धडधडूं लागलीं, शेंकडों नळ्या आणि झडपा आल्या. जहाज बदललें, परंतु विमापत्राचे शब्द होते तेच राहिले. ह्या विसंगतीचा परिणाम एके दिवशीं होणारच होता, आणि तो 'इंचमरी' नांवाच्या आगबोटीवर झाला.

१८८४ सालची गोष्ट. इंचमरी नांगर टाकून उभी होती. वादळ नव्हतें, खडक नव्हता, शत्रूहि नव्हता. पुढील प्रवासासाठीं मुख्य बॉयलरांत पाणी भरणें अवश्य होतें. त्या कामास एक लहान सहायक एंजिन असे. गाढवाप्रमाणें निमूटपणें ओझें वाहणारें म्हणूनच कीं काय, खलाशी त्याला 'डाँकी एंजिन' म्हणत. त्याच्या पंपानें पाणी आंत ढकलण्यास सुरुवात झाली. परंतु बॉयलराकडे जाणाऱ्या नळीची झडप उघडी असावयास पाहिजे होती, ती बंद होती. पुढें वाट न मिळाल्यामुळें पाणी मागें रेटलें गेलें, पंपाच्या हवेच्या कोठींत त्याचा दाब वाढत गेला, आणि ती कोठी फुटली. कोणी विसरल्यामुळें झडप बंद राहिली होती, कीं आपोआप अडकली होती, ह्याचा निश्चित उलगडा झाला नाहीं.

मालकांनीं नुकसानभरपाई मागितली. विमा कंपनीनें नकार दिला. प्रकरण न्यायालयांत गेलें. खालच्या न्यायालयांत मालक जिंकले, अपिलांतहि जिंकले. परंतु १८८७ सालीं इंग्लंडांतील त्या काळचें सर्वांत वरिष्ठ न्यायपीठ जें हाउस ऑफ लॉर्ड्स, त्यानें निकाल फिरविला. न्यायमूर्तींचा विचार थोडक्यांत असा होता: विमा समुद्राच्या संकटांचा आहे. ज्या रीतीनें ही कोठी फुटली त्याच रीतीनें ती जमिनीवरील एखाद्या गिरणींतहि फुटली असती. ह्यांत समुद्राचा अपराध काय? 'इतर सर्व संकटें' ह्या शब्दांचा अर्थहि यादींतील संकटांसारखींच दुसरीं संकटें एवढाच. वाटेल तें नुकसान असा नव्हे. सबब विमा कंपनी जबाबदार नाहीं.

निकाल कायद्यानें बरोबर होता. परंतु तो ऐकून जहाजमालकांच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या यंत्रांवर जहाज चालतें, तीं यंत्रें यंत्रदोषानेंच बिघडलीं तर त्यांना विम्याचा आधारच नाहीं, असें स्पष्ट झालें! तेव्हां मालक व विमेवाले एकत्र बसले आणि त्यांनीं विमापत्रांत एक नवें कलम घातलें. त्या आगबोटीच्या नांवावरून तें 'इंचमरी कलम' म्हणून ओळखलें जातें. विमेवाल्यांनीं न्यायालयांत दावा जिंकला, आणि बाजारांत मात्र मालकांची अडचण ओळखून तोच धोका मोबदला घेऊन अंगावर घेतला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या जुन्या विमापत्राची जागा लंडनच्या बाजारांत १९८३ सालीं नव्या नमुन्यानें घेतली. परंतु इंचमरी कलमाचा गाभा नव्यांतहि कायम राहिला.

ह्या कलमानें काय दिलें? बॉयलर फुटणें, शाफ्ट मोडणें, सांगाड्यांत किंवा यंत्रांत बाहेरून न दिसणारा गुप्त दोष असणें, आणि कप्तान, अधिकारी, खलाशी किंवा वाटाडे ह्यांची चूक वा हयगय, ह्यांमुळें जहाजाचें जें नुकसान होईल तें भरून देण्याचें विमेवाल्यांनीं मान्य केलें. माणूस आहे तेथें चूक आहे. रात्रपाळीला डोळा लागतो, घाईंत एखादी झडप विसरते. अशा प्रामाणिक चुकीसाठीं मालकाचा सर्वनाश होऊं नये, हा त्यांतील उदार हेतु.

परंतु, विद्यार्थीमित्रहो, त्या कलमाच्या शेवटीं एक अट जोडलेली आहे, आणि आमच्या मागच्या बांकावरील विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर त्या अटींतच आहे. नुकसान हें खुद्द मालकानें किंवा त्याच्या कारभाऱ्यांनीं योग्य दक्षता न घेतल्यामुळें झालेलें नसावें, अशी ती अट होय. नोकराची चूक विमा सोसतो. धन्याची बेफिकिरी सोसत नाहीं.

हा भेद उदाहरणांनीं स्पष्ट करूं. एका जहाजाच्या शाफ्टमध्यें तो ओतला गेला त्याच दिवशीं एक बारीक चीर राहून गेली. तपासनीसांनीं तपासलें, परंतु ती कोणाच्याहि दृष्टीस पडली नाहीं. दहा वर्षांनीं शाफ्ट मोडला आणि त्याच्या तडाख्यानें जहाजाचा तळ फुटला. तळाचें नुकसान विमा देईल. मात्र जो भाग मूळचाच सदोष होता तो नवा करून देणें हें विम्याचें काम समजलें जात नाहीं. दुसऱ्या जहाजावरील पंप वीस वर्षें चालून चालून झिजला व अखेर बंद पडला. ही झीज आहे, अपघात नव्हे. विमा एक पैहि देणार नाहीं. आपली वहाण झिजली म्हणून आपण दैवाला बोल लावीत नाहीं, तसेंच हें. तिसऱ्या जहाजाच्या एंजिनिअरनें मालकाच्या कचेरीस लिहून कळविलें कीं बॉयलर धोक्याचा झाला आहे, दुरुस्तीसाठीं थांबलें पाहिजे. कचेरीनें उत्तर धाडलें, भाडें बुडेल, निघा! बॉयलर फुटला. येथें इंचमरी कलमाचा आधार घेऊं पाहणाऱ्या मालकापुढें एंजिनिअरचें तें पत्रच उभें राहील. इतकेंच नव्हे, तर जहाज समुद्रावर जाण्यास नालायक आहे हें ठाऊक असूनहि मालकानें तें पाठविलें, तर त्या नालायकीमुळें झालेल्या नुकसानीबद्दल मुदतीच्या विम्यांत विमेवाला जबाबदार राहत नाहीं. असें इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यांत सांगितलें आहे, व आपल्या देशाच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांतहि तेंच तत्त्व आहे.

आणखीहि एक बंधन आहे, आणि तें विमा उतरण्याच्या क्षणापासूनच लागूं होतें. विमेवाला बिचारा मेजाशीं बसलेला असतो. जहाजाचीं वर्मे मालकासच ठाऊक. म्हणून मालकानें आपणांस माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपण होऊन सांगितली पाहिजे. लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या थोर न्यायाधीशानें १७६६ सालीं, सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यांत हें तत्त्व स्पष्ट केलें, आणि आपल्या १९६३ च्या कायद्यांत तें 'परम सद्भावा'चें तत्त्व म्हणून नमूद आहे. इतर व्यवहारांत विकणारानें खोटें बोलूं नये एवढेंच पुरतें. विम्यांत गप्प राहणें हाहि अपराध ठरतो.

इतकीं बंधनें कां घालावीं लागलीं? कारण मागच्या बांकावरील विद्यार्थ्याच्या मनांत जो विचार थट्टेनें आला, तो कांहीं जहाजमालकांच्या मनांत खरोखरीच आला होता. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत जुनीं, कुजकीं, अति भारानें लादलेलीं जहाजें समुद्रावर पाठविलीं जात, आणि बुडालीं तरी विम्यामुळें मालकाचें कांहींच बिघडत नसे. लोक त्या जहाजांस 'शवपेट्या' म्हणत. सॅम्युएल प्लिम्सॉल नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें १८७३ सालीं ह्या विषयावर पुस्तक लिहून देश हलवून सोडला. १८७६ सालीं कायदा झाला कीं, जहाज किती बुडेपर्यंत लादावें ह्याची खूण त्याच्या कुशीवर असलीच पाहिजे. गंमत अशी कीं, ती खूण कोठें काढावी हें ठरविणें मात्र मालकाच्याच हातीं ठेवलें होतें! ती पळवाट १८९० च्या कायद्यानें बंद झाली. बंदरांत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर आडव्या रेघेनें छेदलेलें जें वर्तुळ दिसतें, तीच ही प्लिम्सॉलची खूण. ती पाहाल तेव्हां, विमा हें औषध असलें तरी त्याचेंहि विष होऊं शकतें, ही गोष्ट आठवावी.

विमेवाल्यांनींहि एक शहाणपणाची युक्ति योजिली. मालकास पूर्णपणें निश्चिंत होऊं द्यावयाचें नाहीं! बहुतेक विमापत्रांत प्रत्येक नुकसानीची ठराविक पहिली रक्कम मालकानें स्वतःच सोसावयाची असते. टकरीच्या बाबतींतहि तसेंच. आपलें जहाज दुसऱ्यावर आदळलें तर त्या दुसऱ्या जहाजाचें देणें आपल्या विम्यांतून मिळत नाहीं, असा निकाल १८३६ सालीं इंग्लंडांत झाला. तेव्हां विमापत्रांत टकरीचें कलम आलें. परंतु विमेवाल्यांनीं त्या देण्याचा तीन चतुर्थांश भागच पत्करला. उरलेला चौथा हिस्सा मालकाच्या खिशास चाट लावील, म्हणजे तो कप्तानास सावधपणें चालविण्याची ताकीद देत राहील, हा त्यांतील धोरणीपणा. पुढें मालकांनीं असल्या उरलेल्या जबाबदाऱ्यांसाठीं आपसांत परस्परसाहाय्याचे संघ काढले. त्यांतील पहिला १८५५ सालीं निघाला. खलाशांचे मृत्यु व दुखापती, उतारूंची हानि, बंदराचे धक्के व पूल ह्यांचें नुकसान, हीं सारीं देणीं बहुधा ह्या संघांकडे असतात. सांगाड्याचा व यंत्रांचा विमा तीं देत नाहीं.

कोणी म्हणेल, ह्या सर्व जुन्या काळच्या गोष्टी झाल्या. आतां यंत्रें सुधारलीं आहेत. त्यासाठीं अगदीं अलीकडची एक हकीकत सांगतों. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर 'दाली' नांवाचें प्रचंड मालवाहू जहाज अमेरिकेंतील बाल्टिमोर बंदरांतून बाहेर पडत होतें. त्यावरील बहुतेक खलाशी आपल्या देशाचे होते. ऐन पुलाजवळ जहाजाची वीज गेली, एंजिन थांबलें, सुकाणूं निरुपयोगी झालें, आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की ह्या पुलाच्या खांबावर आदळलें. पूल कोसळला. वाटाड्यानें धोक्याचा इशारा वेळेवर दिला व पोलिसांनीं वाहनें दोन्ही बाजूंस अडविलीं, म्हणून पुष्कळांचे प्राण वांचले. परंतु पुलावरचा रस्ता दुरुस्त करीत असलेले सहा मजूर मरण पावले. अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळानें २०२५ सालीं कारण सांगितलें: विजेच्या फलकावरील एका तारेची जोडणी सैल राहिली होती. १८८४ सालीं एक बंद झडप, आणि २०२४ सालीं एक सैल तार! मधल्या एकशेंचाळीस वर्षांत जहाजें शंभरपट मोठीं झालीं. परंतु मोठ्या गोष्टी लहान गोष्टींवर टेकलेल्या असतात, हा नियम कांहीं बदलला नाहीं.

आणि आतां, जी गोष्ट आमच्या किनाऱ्यावरील लोकांस सांगावयास नको, तिच्याकडे वळतों. १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जावयास निघाली आणि वाटेंत उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कुलाबा जिल्ह्यांतील किती घरांत त्या रात्रीं दिवा लागला नसेल, त्याची कल्पना करवत नाहीं. सांगाड्याचा व यंत्रांचा विमा म्हणजे लोखंडाचा, लांकडाचा आणि पितळेचा विमा. बुडालेल्या बोटीची किंमत कागदावर लिहिलेली असते व ती भरून देतां येते. घरीं वाट पाहणाऱ्या आईच्या मुलाची किंमत कोणत्याच कागदावर लिहितां येत नाहीं. जबाबदारीच्या विम्यांतून वारसांस पैसा मिळेल. माणूस मिळणार नाहीं.

म्हणून मागच्या बांकावरील आमच्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें आहे. बाळ, मालकानें जहाज जपावें ह्याचें पहिलें कारण असें कीं, न जपल्यास त्याचे पैसे मिळतीलच असें नाहीं. विमा दुर्दैवास पैसे देतो, बेपर्वाईस देत नाहीं. दुसरें कारण असें कीं, मिळाले तरी सारे मिळत नाहींत. थोडा भार त्याच्या शिरावर मुद्दाम ठेवलेला असतो. आणि तिसरें कारण असें कीं, जहाजांत जहाजाहून मोलाचें जें असतें त्याचा विमा उतरणारी कंपनी अद्यापि निघालेली नाहीं.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे वडील सध्यां कोठल्यातरी समुद्रावर असतील. एंजिनखान्यांतील उष्णतेंत, रात्रीच्या पाळीस, हातांत बत्ती घेऊन ते एकेक झडप तपाशीत असतील. उघडी पाहिजे ती उघडी आहे काय, बंद पाहिजे ती बंद आहे काय! त्यांचें तें काम कोणी पाहत नाहीं, आणि झडप जागच्या जागीं असली म्हणजे त्याची बातमीहि होत नाहीं. परंतु जहाज बंदरास लागतें तें अशाच कामामुळें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें खलाशी होतील, कोणी एंजिनिअर, कोणी विमा कंपनीच्या कचेरींत बसतील, आणि एखादा कदाचित् जहाजाचा मालकहि होईल. तेव्हां इंचमरीची ती झडप त्यांनीं विसरूं नये.